आक्काच्या नावावरची गाडी

माझा थोरला भाऊ अण्णा गेल्यानंतर सातव्या महिन्यात मी त्याच्या कपाटातले कागद लावायला घेतले. त्याआधी धीर झाला नव्हता, आणि वहिनींनीही कधी विषय काढला नव्हता. जमिनीचे उतारे, वीटभट्टीचे परवाने, दवाखान्याच्या फायली, आणि सगळ्यांत खाली एका प्लॅस्टिकच्या पाकिटात गाडीची कागदपत्रं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आहेत. कागद हातात आला की आधी तारीख बघायची सवय लागलेली आहे. गाडीच्या नोंदणीची मुदत श्रावण संपता संपता संपत होती. पंधरा वर्षं पुरी होत होती. त्यानंतर गाडी रस्त्यावर ठेवायची तर तिची तपासणी करून नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि त्या अर्जावर मालकाची सही लागते. मालकाच्या रकान्यात आक्काचं नाव होतं.

आक्का म्हणजे आमची बहीण. अण्णापेक्षा दोन वर्षांनी लहान, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला कागलजवळच्या एका गावात दिली आहे. अण्णा गेला तेव्हा ती सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती.

तिची सही मिळाली नाही तर गाडी जाणार, हे उघड होतं. पुतण्या बेंगळूरला असतो, तो फोनवर पहिल्यापासून म्हणत होता की काका, भंगारवाल्याला देऊन टाका, नाहीतर पुण्याला सुटे भाग काढणारे आहेत त्यांना द्या. वहिनी काहीच म्हणत नव्हत्या. मला ती गाडी दारात राहायला हवी होती. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. मी साधारण बरा ड्रायव्हर आहे, म्हणजे वाईट आहे. लग्न केलं नाही, घराच्या माडीवर पुस्तकांत राहतो, कॉलेजला स्कूटरवर जातो. त्या गाडीत बसून मला कुठे जायचं नव्हतं.

गाडी आक्काच्या नावावर कशी गेली ते सांगायला हवं, कारण ही चूक आमच्याच सीमाभागातली माणसं करतील.

अकरा वर्षांपूर्वी अण्णाने ती बोरगावच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून घेतली. काळी, लांब, जर्मन. आत लाकडाच्या पट्ट्या, छपराला सरकणारी काच, आणि दार लावलं की बाहेरचा आवाज कापून टाकल्यासारखा बंद. ते व्यापारी जैन, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी बोलणारे. त्यांनीही ती इचलकरंजीतल्या जावयाच्या पत्त्यावर घेतली होती. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे हे असं चालतं. गाडी इकडे वापरायची आणि पासिंग महाराष्ट्रातलं ठेवायचं. कर कमी पडतो हे एक कारण. अण्णाचं कारण वेगळं होतं, आणि तो ते चारचौघांत सांगायचा. तरुणपणी त्याने सीमाप्रश्नाच्या मोर्चात लाठ्या खाल्ल्या होत्या. आता ती उमेद राहिली नव्हती, फक्त तिची थट्टा राहिली होती. इकडचं पासिंग करून घे म्हणून कुणी सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "गाव न्हाय गेलं महाराष्ट्रात. गाडी तरी जाऊ दे."

म्हणून पत्ता आक्काचा, नाव आक्काचं. तिने कागलला एजंटाकडे जाऊन सह्या केल्या आणि पेढे वाटले. गाडी मात्र कायम बेळगावजवळ कंग्राळीत आमच्या दारात उभी राहिली.

व्यापाऱ्यांनी चावी देताना अण्णाला हसून सांगितलं होतं, "हिला रोज इचारावं लागतंय बघा. न्हाय इचारलं की रुसतीया." अण्णाला ते कौतुक वाटलं. ती सूचना होती, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी समजलं. या गाडीची पुढची चाकं स्प्रिंगवर नाहीत, हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर आहेत. मिस्त्री त्यांना बलून म्हणतो. रबर जुनं झालं की हवा झिरपते. संध्याकाळी ताठ उभी केलेली गाडी सकाळी डाव्या बाजूला गुडघा टेकून बसलेल्या बैलासारखी दिसायची. इंजिन चालू केलं की आतला पंप कण्हत हवा भरायचा आणि ती हळूहळू उठायची. छपराच्या काचेभोवतीचं पाणी वाहून न्यायला चार बारीक नळ्या आहेत. त्यांत आमच्या दारातल्या शेवग्याची पानं अडकली की पाणी आत गालिच्यात उतरायचं. दारावरच्या बटणांचं रबर विरघळून चिकट झालं होतं. छताचं कापड लोंबायला लागलं होतं, ते वहिनींनी टाचण्या लावून वर धरून ठेवलं. भाग मुंबईहून, पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या बसने पार्सल यायचे, आणि दहातले चार चुकीचे यायचे. अण्णा रविवारी सकाळी बनियनवर गाडीपाशी असायचा. मी माडीच्या गॅलरीत पुस्तक घेऊन. खालून तो अधूनमधून म्हणायचा, "तुझ्या पुस्तकात लिवलंय का काय हिच्यावर?"

आक्काशी बिनसलं ते याच गाडीवरून. तिच्या थोरल्या मुलाच्या लग्नात नवरदेवाला हीच गाडी पाहिजे असं तिने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. अण्णाने गाडी धुऊन, फुलं लावून स्वतः नेली. वरात देवळापासून मांडवापर्यंत यायची होती. नवरदेवाबरोबर आत करवली, तिची पोरं, दोन मित्र, असे किती जण बसले कोण जाणे. पुढे वाजंत्री वाजत राहिली, पोरं नाचत राहिली, गाडी तासभर जागच्या जागी चालू-बंद होत राहिली, आणि बरोबर मांडवाच्या दारात तिने दम सोडला. पुढची दोन्ही चाकं एकदम बसली. नवरदेव आत घसरला. मुलीकडचा एक पाहुणा म्हणाला की नवरदेवाआधी गाडीनंच लोटांगण घातलं. मांडव हसला. मांडवाकडचं दार तिथल्या उंचवट्याला टेकल्यामुळे उघडेना, तेव्हा नवरदेवाला दुसऱ्या बाजूने चिखलात उतरवावं लागलं.

अण्णा तिथेच भडकला. तुझ्या पोरांनी मेंढरांसारखी माणसं कोंबली, असं तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. आक्का म्हणाली, माझ्या नावावरची गाडी हाय, मी दहा कोंबीन न्हायतर वीस. अण्णा जेवला नाही. गाडी टेंपोवर चढवून तो रात्रीच परतला. त्यानंतर पंचमीला तिने माहेरी येणं बंद केलं आणि याने तिच्याकडे जाणं बंद केलं. मध्ये कुणी समजूत घालायला गेलं की दोघंही एकच बोलायचे, की पहिलं पाऊल त्याने, किंवा तिने, टाकावं. मला जाऊन एकदा दोघांशी बोलता आलं असतं. मी ते पुढे ढकलत राहिलो. मला वाटलं होतं, वेळ आहे.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी अण्णाच्या छातीत दुखायला लागलं. साडेसहा वाजले असतील. वहिनींनी हाक मारली तेव्हा मी माडीवरून खाली आलो. तो ओट्यावर बसला होता, घाम आलेला, पण बोलत होता. त्याने मला चावी दिली. गेले तीन आठवडे भट्टीच्या गडबडीत गाडीला कुणी हात लावला नव्हता. मी आत बसलो, बटण दाबलं. काट्यांच्या मागे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. खाली नुसता कटकट आवाज झाला. गाडी तशीच बसलेली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा. थोडं थांबून पुन्हा. एकदा वाटलं, आता धरेल. अण्णा ओट्यावरून म्हणाला, सावकाश, घाई करू नगंस. असं करत दहा मिनिटं गेली. मग शेजारचा दुधाचा टेंपो निघत होता, त्यात कॅन खाली उतरवून अण्णाला मागे बसवलं. दवाखान्याच्या दारात तो अजून होता. आत नेल्यावर नव्हता.

डॉक्टर भले होते. ते म्हणाले, झटका मोठा होता, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. ते सगळ्यांनाच असं म्हणत असतील.

तेराव्यानंतर मी बॅटरी चार्ज करून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला खाली येऊन गाडी चालू करू लागलो. दहा मिनिटं चालू ठेवायची, ती उठून उभी राहिली की बंद करायची, मग चहा. कुठे जायचं नसे. ती चालू होते एवढं बघायचं असे. ड्रायव्हरच्या दारावर एक, दोन, तीन अशी बटणं आहेत. एक दाबलं की बैठक अण्णाच्या मापाने मागे सरकते, पाठ कलते, आरसे वळतात. अण्णा उंच, वडिलांच्या वळणाचा. मी आईवर गेलो आहे. माझे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचतात. पण मी बैठक पुढे घेत नसे. पाठीमागे एक उशी ठेवून तशीच गाडी चालू करत असे.

उन्हाळा संपता संपता गाडी पुन्हा कुरकुरायला लागली. मी तिला उद्यमबागच्या मिस्त्रीकडे नेली. अण्णा त्याच्याकडेच जायचा. मिस्त्री पन्नाशीचा, बोलका, अशा गाड्यांसाठी त्याने यंत्र लावून दोष वाचायची सोय करून घेतली आहे. त्याने यंत्र लावलं, तेल काढून बोटावर घेतलं, हुंगलं, आणि मला विचारलं की गाडी किती चालते. मी सांगितलं, रोज चालू करतो, दहा मिनिटं. माझी समजूत होती की तो शाबासकी देईल.

"ओ सर," तो म्हणाला, "जेवायला बसवायचं आणि पहिल्या घासाला ताट काढून घ्यायचं, असं करतायसा तुम्ही. चालू करायला जेवढी बॅटरी जातीया, तेवढी दहा मिनिटांत भरत न्हाय. तेलात पेट्रोल उतरलंय. धुराच्या नळकांड्यात पाणी धरलंय. त्यापेक्षा हात लावला नसता तर बरं होतं."

मी म्हणालो, म्हणजे मीच बिघडवली.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. जुनी आहे, एक ना एक होणारच, असं काहीतरी पुटपुटला. तेल बदललं. बॅटरी नवी घालावी लागणार होती. मी त्याला विचारलं की जुनी काढताना बैठकीचं माप पुसलं जाईल का. त्याला आधी समजलं नाही. मग त्याने आत डोकावून उशी बघितली, मागे सरकलेली बैठक बघितली, आणि दुसऱ्या गाडीची बॅटरी वायरने जोडून, वीज तुटू न देता बदलाबदल केली. तासाचं काम अर्धा दिवस चाललं. अण्णाचं नाव त्याने काढलं नाही, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

त्यानंतर मी रोज गाडी बाहेर काढून काकतीपर्यंत नेऊन आणायला लागलो. साडेसहाला निघायचं, सव्वासातला परत. तेलाला बरं, बॅटरीला बरं. मी थकत होतो. कॉलेजात दुपारी टेबलाशी डोळे मिटायचे. गालिचा वाळवायचा, नळ्यांतली पानं सायकलच्या तारेने काढायची, बटणं स्पिरिटने पुसायची, बलूनला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. एक झालं की दुसरं निघायचं. पण त्या वेळात मला दुसरं काही सुचत नसे, आणि ते बरं होतं.

नोंदणीचा कागद सापडला त्या आठवड्यात वहिनींनी विषय काढला. मी जेवत होतो. त्या भाकरी वाढून थांबल्या.

"भावजी, एक सांगू का? राग मानू नका."

मी मान हलवली.

"सकाळी ती गाडी चालू होते ना, मी जागीच असते. पण त्या आवाजानं मला रोज वाटतं, ते भट्टीवर निघाले. रोज. मग ध्यानात येतं." त्या ताटातल्या भाकरीकडे बघत होत्या. "सात म्हैने झाले. तुम्हाला त्यात बरं वाटतंय म्हणून बोलले न्हाई."

मी म्हणालो की उद्यापासून चालू करणार नाही. त्या म्हणाल्या, ठेवा की, ठेवू नका असं कुठं म्हणते मी, फक्त सकाळची नको.  सात महिने मी रोज साडेसहाला त्या बाईला तेच ऐकवत होतो.

तरीही मी सही आणायला निघालो. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. मनात एक तोडगा होता की सही झाली, तपासणी झाली, की गाडी कॉलेजच्या आवारात ठेवीन, दुपारी चालवीन. आक्काला फोन केला. ती फोनवर कमी बोलते. म्हणाली, "गाडी घेऊन ये. कागद एकटा आणू नगंस."

सोमवारी सुट्टी होती. आठला निघालो. हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट. पावसाची भुरभुर होती. घाटात एक पिवळा दिवा लागला, मग दुसरा, पण गाडी चालत राहिली. निपाणीच्या बाहेर थांबून मी चाकांखाली बघितलं, हवा होती. कोगनोळीचा नाका, दूधगंगेचा पूल, आणि मग कागलच्या आधी उसांतून आत जाणारा रस्ता. सहा वर्षांत या रस्त्यावर मी दोनदाच आलो होतो, दोन्ही वेळा एसटीने, अण्णाला न सांगता.

आक्का दारातच होती. अण्णाच्या दिवसांत ती तिसऱ्या दिवशी येऊन निघून गेली होती, त्यानंतर मी तिला आज बघत होतो. ती वाळली होती. उंची तीच, अण्णासारखी. आधी तिने गाडी बघितली, पुढून मागून, मग मला.

"बसली न्हाय वाटेत?"

मी म्हणालो, अजून तासभर उभी राहील.

"मग च्या घे आदी. ती बसली की तू उठशील."

घरात कुणी नव्हतं. दाजी शेताकडे, मुलगा कामावर, सून पंचमीला माहेरी गेली ती तिकडेच राहिली होती. आम्ही सोप्यात बसलो. तिने चष्मा लावून अर्ज हातात घेतला, इंग्रजी आहे म्हणून मला समजावून सांगायला लावला, आणि चहाच्या कपाखाली दाबून ठेवला. मग विचारलं की गाडी ठेवायची असं वहिनी म्हणतात का. मी म्हणालो, नाही. पोरगं म्हणतं का. तो विका म्हणतो.

"मग कोण म्हणतंय?"

"मी."

 बाहेर म्हशीने एकदा साखळी ओढली.

"त्या दिशी ही चालू झाली न्हाय म्हणं."

तिला हे कुणी सांगितलं असेल, याचा मी विचार करत राहिलो. ती स्वतःच म्हणाली की तिसऱ्या दिवशी परड्यात बायका बोलत होत्या.

"न्हाय झाली," मी म्हणालो.

"तू चालू करत हुतास?"

"व्हय."

"किती येळ?"

"दहा मिनिटं."

हा आकडा मी आजवर डॉक्टरांखेरीज कुणाजवळ बोललो नव्हतो. आक्का डॉक्टरांसारखं काही बोलली नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती उठली, पदर खोचला, बाहेर जाऊन गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसली. मी मागोमाग गेलो. तिला गाडी चालवता येत नाही. तिने पाठीमागची माझी उशी काढून बाजूला ठेवली आणि मागे टेकली. पाय बरोबर पोचले. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोरच्या उसाकडे बघत बसली. मी दाराशी उभा होतो. पावसाची भुरभुर माझ्या चष्म्यावर येत होती. 

"धाकल्या, मी सही करत न्हाय," ती म्हणाली. "ही हितं राहू दे."

मला वाटलं ती रागाने बोलते आहे. नाव तिचं आहे, हक्क सांगते आहे. मी म्हणालो, नोंदणी संपेल, मग ही रस्त्यावर आणता येणार नाही.

"संपू दे. कुठं जायाची हाय ती आता?"

"आक्का, हिला लई बघावं लागतं." आणि मी सांगायला लागलो. बलून, नळ्या, गालिचा, बटणं, बॅटरी. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, ग्रंथालयात वाचकांना नियम सांगताना येतो तसा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हसरांचं बघतोय की आमी. तुला येवढं जमलंय तर आमाला न जमायला काय झालं?" मग ती जरा थांबली. "सा वरसं त्यो आला न्हाय. मी बी गेले न्हाय. आता ही आलीया तर परत कशाला धाडू?"



"आणि तू," ती म्हणाली, "रोज उठून तिच्यात बसतोस, तर काय चालू हुतंय रं तुझं? जा घरी. झोप जरा. तोंड बघ आरशात."

आरसा अण्णाच्या मापाने वळलेला होता, त्यात मला बाहेर उभं राहून काही दिसलं नसतं. मी बघितलंही नाही.

मग आम्ही शेडातली जागा केली. ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे ढकलली, पेंडीची पोती एका कडेला लावली, एक मोडकी बाज बाहेर काढली. आक्काने माझ्याहून जास्त उचललं. मी गाडी उलटी घेऊन आत लावली. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा लागली. आक्का मागून हात करत होती, "ये, ये, ये, ऱ्हा." इंजिन बंद केल्यावर मी थोडा वेळ आतच बसलो. तिने घाई केली नाही. बाहेर आलो तर ती हातात ओलं फडकं घेऊन बॉनेटवरचा चिखल पुसत होती, दुसऱ्याच्या घरून आलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं, जरा जोराने.

मी तिच्या वहीतल्या दोन पानांवर सगळं लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, मराठीत. मिस्त्रीचा नंबर लिहिला. आक्का चौथीपर्यंतच शिकलेली आहे, पण वाचते. तिने पानं घडी करून देवळीत ठेवली. चावी ठेवली नाही, ती तिच्या कमरेला लागली. अर्ज कपाखालीच होता, त्यावर चहाचं वर्तुळ उमटलं होतं. मी तो घेतला नाही.

जेवून दुपारी तिने मला मोटरसायकलवाल्या एका शेजाऱ्याबरोबर कागलच्या स्टँडवर पाठवलं. निघताना पिशवीत गुळाची ढेप आणि वहिनींसाठी एक लुगडं दिलं. म्हणाली, "तिला सांग, दिवाळीला येते मी. भाऊबीजेला तू हाईस न्हवं?"

बेळगावची बस लगेच मिळाली. कर्नाटकची. कंडक्टरने कानडीत विचारलं, मी मराठीत सांगितलं, त्याने तिकीट दिलं. खिडकीजवळ बसून मी वहिनींना फोन लावला. त्यांनी विचारलं, सही झाली का. नाही म्हणालो. गाडी कुठं बंद पडली का. नाही, आक्काकडं ठेवली. तिकडे स्वयंपाकघरात कुकर चालू असावा, तेवढं ऐकू येत होतं.

"तिनं ठिवून घेतली?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि जराशाने, "तुम्ही जेवलाय का?"

मी जेवलो म्हणून सांगितलं. बस पूल ओलांडून इकडे आली. निपाणीत बरीच माणसं चढली, एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले, त्यांच्या छत्रीचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. तवंदीचा घाट सुरू झाला तेव्हा मी बाहेर बघायचं ठरवलं होतं. चाकावर हात असताना मला कधी दरी दिसली नव्हती. पण पहिल्या वळणानंतरचं मला काही आठवत नाही. शेजारच्यांनी हलवून उठवलं तेव्हा बस बेळगावच्या स्टँडात शिरत होती, गुळाची पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर धरून ठेवली होती, आणि माझी मान त्यांच्या खांद्यावर होती.